गोंचिगमामांचा खोकला

त्सागान सार या आमच्या मंगोल नववर्षाच्या पहिल्या सकाळी सूर्य उगवायच्या आत उठून, नवा डेल, म्हणजे आमचा लांब अंगरखा, घालून, कमरपट्टा बांधून तयार राहायचं असतं, नाहीतर वर्षभर आळस चिकटतो असं आमच्याकडे मानतात. या वर्षी सगळ्यांच्या आधी मी तयार होते. आजोबांच्या सातव्या मजल्यावरच्या घरात आरशासमोर उभी राहून मी स्वतःलाच नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होते. घसा थोडा खवखवत होता, पण तो बोलून बोलून. इतकं बोलले होते मी त्या आठवड्यात!

त्याचं असं झालं, की दोनच दिवसांपूर्वी आमच्या भागातल्या शाळांची भाषणस्पर्धा झाली, आणि तिच्यात मी पहिली आले. मी, उंद्राख, जी गेल्या वर्षापर्यंत हजेरीला ‘आहे’ म्हणतानासुद्धा बाकाकडे बघायची. विषय मीच निवडला होता: फ्लू हिवाळ्यातच का पसरतो. आणि खरं सांगते, मी सभागृह दणाणून सोडलं. हवा जितकी थंड, तितकं तिच्यात पाणी कमी मावतं. तीच हवा घरात येऊन तापली की इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी उडते. अशा हवेत कुणी शिंकलं की तुषारांतलं पाणी उडून जातं आणि उरलेले बारीक कण खाली पडायचे सोडून तरंगत बसतात. त्यात आपलं नाक आतून सुकून तडकलेलं. त्यात ऑक्टोबरपासून खिडक्यांच्या फटी कागदाच्या पट्ट्या चिकटवून बंद. “विषाणूचा असा पाहुणचार जगात कुणी करत नसेल!” मी हात पसरून म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. त्या सभागृहाच्या खिडक्याही अर्थातच पट्ट्या लावून बंद होत्या. खच्चून भरलेल्या रांगांतून खोकल्याचे आवाज येत होते, आणि ज्या परीक्षक बाईंनी मला बक्षीस देताना कवटाळलं, त्यांचं नाक लालभडक झालं होतं.

तेव्हापासून मला गप्प बसवणं कुणाला जमत नव्हतं. आणि माझं बोलणं काही हवेत नव्हतं, ते आजोबांसाठी होतं. आजोबांचं सगळं आयुष्य वीजकेंद्रात कोळशाच्या ढिगाशेजारी गेलं. गेल्या हिवाळ्यात त्यांना फ्लू झाला, तो छातीत उतरला, आणि नाकाला नळी लावून ते कितीतरी दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की असा आणखी एक झटका यांना झेपायचा नाही. बाबा दक्षिणेतल्या खाणीवर, त्यांना सणालाही रजा नाही. म्हणजे घरात ही गोष्ट कळणारी आई आणि तिच्याहून जास्त कळणारी मी. निदान मला तसं वाटत होतं.

“ओले टॉवेल सगळ्या हीटरवर टाकलेत,” मी जाहीर केलं. “तपकिरीची डबी यंदा हातोहात फिरणार नाही. आणि ज्याला खोकला असेल त्याचे गाल आजोबांनी हुंगायचे नाहीत.”

आजोबा आपल्या उंच आसनावर, डोक्यावर टोपी घालून, छातीवर पदकं लावून बसले होते. “अगं, मी वर्षभर या एका दिवसाची वाट बघतो. एकेक पोर येतं, माझ्या कोपरांना खालून हात देतं, मी त्याचे गाल हुंगतो, तेव्हा कुठे मला कळतं कोण बारीक झालंय आणि कोण चोरून सिगारेट ओढतंय. आणि तू मला काचेच्या कपाटात ठेवतेस?”

“खोकणाऱ्यांनाच फक्त बंदी, आजोबा.”

“या घरात सगळ्यात जास्त मीच खोकतो.”

“मग बाबांनाच जिन्यात बसवू या,” निंजिनमावशी म्हणाली. ती आईची धाकटी बहीण. तिच्या तोंडाला कधी कुलूप नसतं. सगळे हसले. मीही हसले. घर माणसांनी गच्च भरलं होतं, बाल्कनीत गोठवून ठेवलेले बूझ, मांस भरलेले मोदकच ते, वाफेवर चढले होते, पण कुणी कशाला हात लावत नव्हतं. कारण गोंचिगमामा यायचे होते. आजोबांना पहिला नमस्कार थोरल्या मुलाचा, मग बाकीच्यांचा. त्याआधी कुणी पुढे जात नाही.

गोंचिगमामा दूर पश्चिमेला झावखानमध्ये राहतात, गुरंमेंढरंवाले. मागच्या हिवाळ्यात तिकडे इतका बर्फ पडला की त्यांचं अर्ध्याहून जास्त खिल्लार उभ्या उभ्या मेलं. आजोबा दवाखान्यात होते तेव्हा रस्ते बंद असल्यामुळे मामांना येताच आलं नव्हतं. आई सांगायची, ते तेव्हा फोनवर रडायचे. म्हणजे दोन वर्षांनी ते बापाला भेटणार होते.

आम्हाला ते दिसायच्या आधी ऐकू आले. लिफ्ट बंद होती. जिन्यातून, कुठल्यातरी खालच्या मजल्यावरून, असा खोकला येत होता की जणू कुणी पत्र्यावर दगड टाकतंय. प्रत्येक मजल्यावर तो थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे.

दार मीच उघडलं. मामा उंबऱ्याबाहेर उभे होते. तपकिरी डेल, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, आणि दोन्ही हातांवर पसरलेला निळा रेशमी खादग, आजोबांना द्यायचं मानाचं वस्त्र. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात गुंतलेले असल्यामुळे ते त्यांना पुसता येत नव्हतं. मागे डोल्जिनमामी, हातात वाळवलेल्या दह्याची पिशवी.

“ही कोण? उंद्राख?” मामा म्हणाले. “अरे बापरे! कालचं कोकरू, आज...” आणि त्यांना पुन्हा ढास लागली.

“मामा, तिथेच थांबा.”

“का गं? आत कुणी झोपलंय?”

“तुम्ही खोकताय.”

“हां, ते तुमच्या धुरामुळे. काल संध्याकाळी खिंड उतरलो तोवर काही नव्हतं. खाली बघतो तर सगळं शहर धुराच्या गोधडीखाली. रात्री पाव्हण्यांच्या गेरच्या तंबूत झोपलो, तिथे तर...”

“सगळे असंच म्हणतात, मामा.”

धुराचा एक परिच्छेद माझ्या भाषणात होता. थंडीत वारा पडतो, वरची हवा झाकणासारखी बसते, हजारो चुलींचा कोळशाचा धूर आमच्या खोऱ्यात कोंडतो, आणि निरोगी माणूसही खोकतो. तो वेळेत बसेना म्हणून आमच्या वर्गाच्या बाईंनी काढायला लावला होता. मला तो तोंडपाठ होता. त्या क्षणी मला तो आठवलाही नाही, कारण माझ्या मागे सगळं घर शांत झालं होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

“फ्लूचा माणूस ताप यायच्या आधीपासून दुसऱ्यांना तो देतो,” मी म्हणाले. स्पर्धेतल्याच आवाजात. “त्याला स्वतःला वाटतं, साधा घसा खवखवतोय. तो खोकला की ते हवेत तरंगत राहतं. तोच माणूस सगळ्यात धोक्याचा.”

“पण आम्ही वाटेत कुणाला भेटलोसुद्धा नाही गं,” मामी म्हणाली. “दोघंच होतो गाडीत.”

“पेट्रोल आपोआप भरलं का मामी?”

मागून हशा आला. कुणीतरी म्हणालं, “घ्या! डॉक्टरीणबाई आल्या!” मला तेव्हा काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला फार मस्त वाटलं.

“उंद्राख, पुरे,” आई म्हणाली. पण मग ती मामांकडे वळली आणि तिचा आवाज खाली गेला. “दादा, बाबांच्या छातीचं तुला माहीत आहे ना... फक्त या वर्षी...”

मामांनी हातांवरच्या खादगकडे पाहिलं. मग माझ्याकडे. रागाने नाही. शाळेत कुणी आपल्याला न येणारं गणित फळ्यावर सोडवून दाखवलं की आपण जसं बघतो, तसं.

“पोरीचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “शिकलेली आहे ती. तिला ठाऊक.”

“गोंचिग, इकडे ये,” आतून आजोबा म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते.

“राहू द्या बाबा. तुम्ही धडधाकट राहा म्हणजे झालं.”

खादग आईने नेऊन आजोबांच्या हातांवर ठेवला. मामा-मामींना मी मास्क दिले आणि स्वयंपाकघरात दाराजवळ बसवलं. थोरला मुलगा, ज्याने आजोबांच्या उजव्या हाताला बसायचं, तो भांड्यांच्या कपाटाला टेकून वाफाळते बूझ खात होता आणि खोकला आला की तोंड भिंतीकडे करत होता.

मग नमस्कार सुरू झाले. वयाने मोठे ते आधी. माझी पाळी शेवटच्या काही जणांत आली. मी तळवे वर करून आजोबांच्या कोपरांना आधार दिला. त्यांनी माझा डावा गाल हुंगला, मग उजवा, अगदी सावकाश, डोळे मिटून.

“दुधाचा वास येतो अजून,” ते म्हणाले. आणि मग माझ्या कानाशी, “त्याला बोलाव की गं आत. एकदाच.”

“पुढच्या वर्षी, आजोबा,” मी म्हणाले.

मामा दुपार व्हायच्या आतच निघाले. जनावरं शेजाऱ्यांवर सोपवलीयत म्हणाले. आई त्यांना सोडायला खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही.

संध्याकाळी मला थंडी वाजू लागली. हीटरला पाठ लावून बसले तरी दात वाजत होते. आईने कपाळाला हात लावला आणि मला वेगळ्या खोलीत झोपवलं. पण उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी आजोबांना ताप भरला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे ओठ निळे दिसायला लागले. रुग्णवाहिका आली तेव्हा ते स्ट्रेचरवरून म्हणत होते, “टोपी द्या माझी, टोपी.”

मी पांघरुणाखाली फोन घेऊन पडले होते. वर्गाच्या ग्रुपवर एकामागून एक निरोप येत होते. स्पर्धेला आलेली निम्मी मुलं तापाने फणफणली होती. लाल नाकाच्या परीक्षक बाई दवाखान्यात होत्या. कुणीतरी लिहिलं होतं, ‘उंद्राख, तुझं भाषण खरं ठरलं!’ आणि खाली टाळ्यांची चित्रं.

मी फोन उशीखाली घातला. तरी तो गुरगुरतच होता.

दुसऱ्या खोलीत निंजिनमावशी आईला म्हणत होती, “गोंचिगदादानेच आणलं. जिन्यातला तो खोकला ऐकलास ना? सगळे तेच म्हणतायत. मुलीने बिचारीने अडवलं तरी काय उपयोग, पोरीलाही देऊन गेला.”

आई काही बोलली नाही. मीही. ताप होता ना मला. तापात माणूस काय बोलणार, असं मी स्वतःला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मग आईने मामीला फोन लावला; रेंजसाठी मामी टेकाडावर येऊन थांबली होती. स्पीकर चालू होता.

“आम्ही ठणठणीत आहोत गं,” मामी म्हणाली. “खिंड ओलांडली आणि ह्यांचा खोकला जो गेला तो गेलाच. नाक शिंकरलं तर काळं, कोळशासारखं, बस, तेवढंच. पण ताई, हे जेवत नाहीयेत. म्हणतात, एका नमस्कारासाठी मी बापाच्या जिवावर उठलो.”

“अगं, पण दादाने तर बाबांना हातसुद्धा लावला नाही!”

“तेच मी म्हणते. तर म्हणतात, पोरगी सांगत होती, ते हवेत तरंगतं. मी दारात खोकलो, तेवढंच पुरलं. दवाखान्यात ये म्हटलं तर म्हणतात, आता मी त्यांच्या जवळपास फिरकत नाही.”

आईने फोन ठेवला. मावशी म्हणाली, “काहींना स्वतःला होत नाही, पण देतात,” आणि चहा ओतायला गेली.

दवाखान्यात फ्लूच्या दिवसांत एका वेळी एकालाच आत सोडतात. आई रोज जायची आणि येऊन तेच सांगायची. आजोबांची नळी अजून आहे. आजोबा थोडं सूप प्यायले. आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की आजोबा विचारतात, “गोंचिग आला का?”

ते तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा माझा ताप उतरला होता. आता ती सबबही उरली नव्हती.

मामांच्या गेरपाशी फोन लागत नाही. सकाळी घोडे सोडायला ते टेकाडावर जातात तेव्हाच काय तो लागतो. मी गॅलरीत जाऊन, जाकीट घालून उभी राहिले. खाली शहर दिसतच नव्हतं, फक्त धूर आणि त्यातून वर आलेली वीजकेंद्राची धुरांडी. काय बोलायचं ते मी ठरवलं होतं. आधी हे, मग ते, मग माफी. अगदी मुद्दे काढल्यासारखं.

फोन लागला. वाऱ्याचा आवाज, घोड्याचं फुरफुरणं.

“मामा, मी उंद्राख.”

मग, अगदी हळू, “बाबा गेले?”

“नाही! नाही मामा, आहेत. बरे आहेत, म्हणजे, आहेत.”

ते बर्फात खाली बसले असावेत. मला नुसता श्वास ऐकू येत होता. माझे मुद्दे सगळे उडाले.

“मामा, ते तुमच्यामुळे नाही झालं. माझ्यामुळे झालं. मला आधीपासून होतं. आमच्या स्पर्धेत सगळ्यांनाच झालंय.”

“तुला ताप होता त्या दिवशी?”

“ताप नव्हता. घसा खवखवत होता सकाळपासून. मी सांगितलं नाही कुणाला.”

“का गं?”

“मला वाटलं, बोलून बोलून...” मी थांबले. ते अर्धंच खरं होतं. “सांगितलं असतं तर मलाच स्वयंपाकघरात बसावं लागलं असतं.”

हे मी स्वतःशीसुद्धा त्याआधी म्हटलं नव्हतं. ते ऐकून मला गॅलरीचं दार उघडून आत पळून जावंसं वाटलं.

“आणि माझा खोकला?” मामांनी विचारलं.

“धुरामुळे. तुम्ही सांगितलं होतंत.”

“हां. सांगितलं होतं खरं.”

आता ते ओरडतील, मला वाटलं. ओरडायलाच हवं होतं त्यांनी. मी फोन कानाशी घट्ट धरला, म्हणजे एक शब्दसुद्धा चुकायला नको. पण मामा घसा साफ करून म्हणाले, “मग... मी आलो तर चालेल का?”

ते मला विचारत होते. आजोबांचा थोरला मुलगा, माझ्या तिप्पट वयाचा माणूस, आपल्या बापाला भेटायला यायची परवानगी माझ्याकडे मागत होता. मला ‘हो’ म्हणायलाही जमेना. मी मान हलवत राहिले, त्यांना दिसत नसताना.

“ऐकू येतंय का तुला, उंद्राख? आहेस का?”

“या मामा,” मी म्हणाले. “लवकर या.”

आईला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती बराच वेळ ओले टॉवेल पिळत राहिली, मग म्हणाली, “मला कळलं होतं. तुला थंडी वाजली तेव्हाच कळलं होतं.” आणि टॉवेल झटकून, “मीसुद्धा त्याला दारातच थांबवला ना,” एवढंच.

मामा आले तेव्हा मी आणि निंजिनमावशी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. दोन दिवस सलग गाडी चालवून डोळे तांबारलेले, मास्क हनुवटीपासून डोळ्यांखालपर्यंत ताणलेला. त्यांना बघताच मावशीने स्वतःचा मास्क दाबला आणि बाकावर सरकली.

“काय रे दादा, खोकला गेला ना नक्की? नाहीतर पुन्हा...”

मामा जागच्या जागी थांबले. चार पावलं लांब, जसं मी त्यांना त्या दिवशी दारात थांबवलं होतं.

“मावशी,” मी उभी राहिले. त्या दिवशी घर भरून माणसं होती आणि माझा आवाज कसा खणखणीत निघाला होता. इथे फक्त मावशी होती आणि लादी पुसणाऱ्या एक बाई, तरी तो कुजबुजीएवढाच निघाला. “मामांना काहीच नव्हतं. मी आजारी होते. आजोबांना माझ्यापासून झालं.”

पुसणाऱ्या बाई थांबल्या. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं.

“अगं बाई,” ती म्हणाली. “म्हणजे मलाही गाल हुंगायला दिलेस की तू त्या दिवशी!” आणि खरोखरच हातरुमाल काढून तिने गाल पुसले.

“निंजे, गप्प बस,” मामा म्हणाले. “पोर आहे.”

“पोर? त्या दिवशी तर डॉक्टर होती!”

“गप्प बस म्हटलं ना.”

परिचारिकेने दार उघडलं. “लुवसानदांब आजोबांचं कोण? एकानेच या.”

मामांनी नमस्काराच्या रीतीप्रमाणे पिशवीतून टोपी काढून घातली, दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या. माझ्याजवळून जाताना त्यांनी मला काहीतरी म्हणावं असं मला वाटत होतं, आणि म्हणू नये असंही. त्यांनी फक्त माझ्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला, जड आणि थंड, आणि आत गेले.

दार पूर्ण लागलं नाही. यंत्राचा फुसफुस आवाज येत होता.

“कोण?” आजोबांचा आवाज घोगरा झाला होता.

“मी. गोंचिग.”

“मास्क काढ तो. मला काय कळणार, कोण आहे.”

“नको बाबा. असाच देतो कोपरांना हात.”

खाट करकरली. मग एक हुंदका, कुणाचा ते मला कळलं नाही. मावशी मान लांब करून फटीतून बघत होती. “ये, बघ,” तिने मला खुणावलं.

मी गेले नाही. पुसणाऱ्या बाईंनी नुकतीच ओली केलेली लादी ओलांडून मी जिन्यात गेले आणि पायरीवर, भिंतीकडे तोंड करून बसले.